नक्खासातला रंधा: ओळख, पारख आणि खरेदी

लखनौच्या जुन्या भागात चौकाजवळ दर रविवारी नक्खासचा बाजार भरतो. पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोर बाजार पाहिलेल्या माणसाला तिथे परके वाटत नाही. पक्ष्यांचे पिंजरे, उतरवलेले कपडे, काटे थांबलेली घड्याळे आणि रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर ओतलेली हत्यारे. पाने, पक्कडी, मुठी गेलेल्या पटाश्या यांच्या ढिगात अधूनमधून बिडाचा रंधा निघतो. तेलरंगाचे थर चढलेले असतात, पाते गंजलेले असते, पण पुढच्या टोकावर बोट फिरवले की ओतीव अक्षरे लागतात.

हे रंधे भंगारात येण्याची कारणे सर्वांच्या डोळ्यांसमोर आहेत. प्लायवूड आणि सनमायका आल्यावर फळी रंधून सपाट करण्याचे कामच घटले. जे उरले ते विजेवरच्या रंध्याने घेतले. वडिलांची पेटी मुलाने उघडली तरी त्यातला रंधा त्याच्या उपयोगाचा राहिलेला नाही. त्याच सुमारास शहरात एक वेगळा गिऱ्हाईक तयार झाला. नोकरी-धंदा सांभाळून हौसेने सुतारकाम करणारा, व्हिडिओ पाहून हाताच्या हत्यारांकडे वळलेला. नव्या परदेशी रंध्याची किंमत पाहून तो जुन्या बाजारात येतो. त्याच्याखेरीज जुन्या वस्तूंचे संग्राहक आहेत, आणि अजूनही हाताने काम करणारे कारागीर आहेत. लखनौत चिकनच्या नक्षीचे ठसे शिसमात कोरतात. कोरणी सुरू होण्याआधी ठशाचे तोंड सपाट व्हावेच लागते, आणि ते काम रंध्याचे.

या तिघांच्या गरजा निरनिराळ्या. त्यामुळे 'जुना रंधा कसा ओळखावा' आणि 'जुना रंधा घ्यावा का' या दोन प्रश्नांची सरमिसळ होऊन बसली आहे. ती सोडवणे हा या आढाव्याचा हेतू.

लाकडाकडून बिडाकडे

रंध्याचे मूळ रूप लाकडी. ठोकळ्याला तिरके भोक, त्यात पाते, पाते घट्ट धरायला पाचर. आपल्याकडे हा ठोकळा शिसमाचा, बाभळीचा किंवा सागाचा, इंग्लंडात बीच लाकडाचा. पाते खाली-वर करायचे तर हातोडीचा हलका ठोका द्यायचा. हे तंत्र शिकायला वेळ लागतो, पण एकदा हातात बसले की स्क्रूवाल्या रंध्यापेक्षा ते मागे पडत नाही.

बिडाच्या आधुनिक रंध्याची घडण अमेरिकेतल्या लेनर्ड बेली याची. पात्याच्या मागचे पितळी चाक बोटाने फिरवून खोली कमी-जास्त करण्याची त्याची रचना १८६७ च्या पेटंटांत आहे. न्यू ब्रिटन गावच्या स्टॅन्ली रूल अँड लेव्हल कंपनीने १८६९ मध्ये त्याचे हक्क घेतले आणि एक ते आठ अशी क्रमांकांची मालिका बाजारात आणली. आजही जगभर त्याच क्रमांकांनी बोलतात. चार नंबरचा रंधा सुमारे ९ इंची, पाते २ इंची. पाच नंबर १४ इंची, सात नंबर २२ इंची, आठ नंबर २४ इंची. पेटंटांची मुदत संपल्यावर ही घडण सर्वांचीच झाली. इंग्लंडात शेफील्डच्या सी. अँड जे. हॅम्प्टन कंपनीने १९३१ च्या सुमारास 'रेकॉर्ड' छापाचे निळे रंधे काढले आणि स्टॅन्लीच्या क्रमांकांआधी शून्य लावले. म्हणून रेकॉर्डचा ०४ म्हणजे स्टॅन्लीचा ४. खुद्द स्टॅन्लीनेही त्या दशकाच्या उत्तरार्धात शेफील्डमध्ये कारखाना घेतला, आणि तिथून 'मेड इन इंग्लंड' असे ओतलेले रंधे निघू लागले. सगळ्यांनी मात्र हेच क्रमांक पाळले नाहीत. मिलर्स फॉल्सचा ९ नंबर आणि सार्जंटचा ४०९ हे दोन्ही आकाराने स्टॅन्लीच्या चारचे भाऊ. क्रमांक मोठा म्हणून रंधा मोठा असे समजून पैसे मोजू नयेत.

या मुख्य प्रवाहाच्या बाजूला ब्रिटनमध्ये वेगळ्या जातीचे रंधे होत. पोलादाची किंवा बिडाची पेटी आणि तिच्यात ठोकून बसवलेले शिसवी लाकूड. स्कॉटलंडच्या एअर गावचे स्पायर्स आणि लंडनचे नॉरिस ही त्यातली मोठी नावे. नॉरिसने १९१३ मध्ये पाते सरकवण्याच्या स्क्रूचे पेटंट घेतले. संग्राहकांच्या जगात ही हत्यारे मानाची आहेत, पण लखनौच्या ढिगात ती सापडतील या आशेवर कोणी रविवार घालवू नये.

लखनौत हे विलायती लोखंड आले कसे? मोठा वाटा रेल्वेचा असणार. औध अँड रोहिलखंड रेल्वेचा कारभार इथूनच चाले. चारबागला इंजिनांचा आणि आलमबागला डब्यांचा कारखाना होता. १९२५ मध्ये ही रेल्वे ईस्ट इंडियन रेल्वेत विलीन झाली, कारखाने चालूच राहिले. तेव्हाचे डबे लाकडी, म्हणजे सुतारांची फौज आलीच. जवळच्या कानपुरात लष्करी कारखाने होते. स्वातंत्र्यानंतर काही वर्षे इंग्रजी माल येत राहिला. १९५७ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर आयातीवर कडक निर्बंध आले आणि बेलीच्याच घडणीच्या देशी रंध्यांना मोकळे रान मिळाले. 'अनंत' आणि गुडगावचा 'ग्रोझ' ही त्यातली आजच्या हौशी सुताराच्या ओळखीची नावे. म्हणूनच आपल्या बाजारात दिसणारा इंग्रजी रंधा बहुधा १९३० ते १९६० या तीस वर्षांतला निघतो. अमेरिकी निघाला तर तो बऱ्याचदा त्याआधीचा.

ओळखीचे शास्त्र

रंध्याचे वय ठरवण्याची जी पद्धत आज सर्वत्र वापरतात तिचा पाया रॉजर स्मिथ या अमेरिकी अभ्यासकाने घातला. अमेरिकेतल्या पेटंट रंध्यांवरचा त्यांचा ग्रंथ १९८१ मध्ये निघाला. स्टॅन्लीच्या बेली रंध्यांत वेळोवेळी झालेले बारीकसारीक बदल टिपून त्यांचे वीस 'टाइप' पाडले गेले आहेत. घरी जुना रंधा असेल तर तो उघडून ही चिन्हे पडताळता येतात.

पाते दाबून धरणाऱ्या चापाची कळ उचलून चाप काढायचा, मग पात्यांची जोडी उचलायची. खाली पाते टेकते ती उताराची बैठक दिसते, तिला कारागीरही फ्रॉगच म्हणतात. बैठकीच्या वरच्या टोकाला पाते डावी-उजवीकडे झुकवणारी पट्टी नसेल तर रंधा १८८५ च्या आधीचा. टोकावर 'बेली' हे नाव ओतलेले असेल तर १९०२ नंतरचा. बैठक पुढे-मागे सरकवणारा स्क्रू पितळी चाकाच्या खाली दिसला तर १९०७ नंतरचा. बैठकीमागे बिडात पेटंटच्या तीन तारखा असतील, म्हणजे २५ मार्च १९०२, १९ ऑगस्ट १९०२ आणि १९ एप्रिल १९१०, तर तो १९१० ते १९१८ या काळातला. हा अकरावा टाइप, जाणकारांचा विशेष लाडका. त्यानंतर पुढची बसकी गोटी उंच झाली. १९२० पासून पंधराएक वर्षे पात्यावर हृदयाच्या आकृतीत कंपनीची आद्याक्षरे येत. चापाच्या स्क्रूचे भोक किल्लीच्या भोकासारखे होते ते १९३३ मध्ये घेवड्याच्या दाण्यासारखे झाले. १९४२ ते ४५ च्या युद्धकाळात पितळ दुर्मीळ झाल्यामुळे चाक कडक रबराचे आले आणि शिसवी मुठीच्या जागी साधे रंगवलेले लाकूड.

पद्धत नेटकी आहे. तिच्यावरचे आक्षेपही तितकेच वजनदार आहेत, आणि ते बहुतेक तिच्या चाहत्यांनीच मांडलेले आहेत. पहिला असा की कारखाना काही दिनदर्शिका पाहून भाग बदलत नसे. जुना साठा संपेपर्यंत जुने भाग नव्या अंगावर चढत, त्यामुळे दोन टाइपांची लक्षणे एकत्र असलेला रंधाही अस्सल असू शकतो. दुसरा असा की हे कोष्टक अमेरिकेत बनलेल्या बेली रंध्यांपुरते आहे. शेफील्डचा स्टॅन्ली, रेकॉर्ड किंवा मार्पल्स त्यात बसवू गेले की वर्ष चुकलेच म्हणून समजा.

भारतात तिसरा आक्षेप सर्वांत मोठा. इथल्या कारखान्यांत आणि गल्लीतल्या दुकानांत रंधा हे वापरायचे हत्यार होते. एकाचे अंग फुटले की त्याचे पाते दुसऱ्याला गेले, दुसऱ्याची मूठ तिसऱ्याला. नक्खासात मी पाहिलेल्या एका रंध्याचे अंग रेकॉर्डचे होते, चाप स्टॅन्लीचा, पाते लोहाराने घडवलेले आणि मूठ शिसमाची, कोण्या सुताराने आपल्या तळहाताच्या मापाने कोरलेली. विक्रेत्याच्या लेखी तो 'असली अंग्रेज़ी, जनाब' होता. तो खोटेही बोलत नव्हता. संग्राहक अशा रंध्याकडे पाहून नाक मुरडतो. कारागिराच्या दृष्टीने सर्व भाग एकमेकांत बसले आणि पाते हलले नाही की झाले. या वादात मला दुसरी बाजू पटते, पण पहिलीचे म्हणणेही समजून घ्यायला हवे. सरमिसळ रंधा 'अकरावा टाइप' म्हणून विकला गेला तर तो खरेदीदाराला गंडाच आहे.

लाकडी रंध्यांची ओळख पुढच्या टोकाच्या आडव्या बाजूवरच्या ठशांवरून होते. इंग्रजी रंधेवाल्यांची नावनिशी डब्ल्यू. एल. गुडमन यांनी १९६८ च्या आपल्या कोशात दिली. एकाच रंध्यावर तीन-चार नावे दिसली तर त्यातले एकच बनवणाऱ्याचे असते, बाकीची मालकांची. बनवणाऱ्याचा ठसा बहुधा मध्यभागी, सुबक आणि सर्वांत झिजलेला. आपल्या शिसमी रंध्यांवर मात्र बनवणाऱ्याचे नाव नसतेच, कारण तो बहुधा वापरणाऱ्यानेच बनवलेला असतो. त्यात इंग्रजी काय ते पाते, आणि त्याच्यावर 'कास्ट स्टील' हे शब्द कोरलेले असले तर ते मुशीत वितळवून केलेले जुने शेफील्डचे पोलाद. अशा पात्यासाठीच पुष्कळ जण लाकडी रंधा घेतात आणि ठोकळा टाकून देतात. हे बरे नव्हे.

हातात घेतल्यावर

ओळखीबद्दल मतभेद कितीही असोत, पारखीबद्दल जवळजवळ एकमत आहे. पहिली नजर तड्यावर.

बीड वाकत नाही, फुटते. ओट्यावरून फरशीवर पडलेला रंधा बाजूच्या भिंतीत, तोंडाच्या, म्हणजे तळातल्या पात्याच्या फटीच्या, कोपऱ्यांत किंवा मुठीच्या मागच्या टोकाला तडकतो. विश्वकर्मा पूजेला, म्हणजे दर १७ सप्टेंबरला, उत्तर प्रदेशात हत्यारे धुऊन-पुसून, प्रसंगी रंगवूनही पुजतात. आपल्याकडच्या खंडेनवमीसारखेच. ते भक्तीचे झाले, पण रंगाच्या थरांखाली तडा दडतो हे गिऱ्हाइकाने विसरू नये. पाते, चाप आणि बैठक काढून टाकावी, उघडे अंग एका बोटावर तोलून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टिचकावे. सलग बीड खणखणीत वाजते, तडकलेले बद्द. बाजूच्या भिंतीवर पिवळसर रेघ दिसली तर तिथे पितळेने डाग दिलेला आहे. डाग दिलेल्या रंध्याबद्दल मात्र दोन मते आहेत. चांगल्या हाताने दिलेला डाग पिढ्यान्‌पिढ्या टिकतो असे काही जण सांगतात. इतरांचे म्हणणे असे की तापवताना तळ पिळवटतो आणि तो पुन्हा सपाट होत नाही. खडबडीत कामाचा रंधा हवा असेल तर असा घ्यायला हरकत नाही, बारीक कामासाठी घेऊ नये.

दुसरी नजर पितळी चाकावर. बेली रंध्यात या चाकाचे आटे उलटे, डावे असतात. हे ठाऊक नसलेला माणूस पक्कड लावून ते भलत्या दिशेने पिळतो. चाकाच्या कडेवर पक्कडीचे दात उमटलेले असतील तर आतले आटे पुसले गेले असण्याची शक्यता धरावी. चाक बोटाने टोकापासून टोकापर्यंत फिरवून पाहावे. हे आटे आणि मुठीच्या स्क्रूचे आटेही नेहमीच्या बाजारी मापाचे नाहीत. लाटूश रोडवर हार्डवेअरची दुकाने ओळीने आहेत, पण तिथे स्टॅन्लीच्या मुठीचा स्क्रू मागितला तर जवळपासचा देतील, तोच मिळणार नाही. जवळपासचा स्क्रू पिळून बसवला की अंगातले आटेही गेले. हरवलेला स्क्रू खरादवाल्याकडून करून घेता येतो, पण तो खर्च रंध्याच्या भावात आधीच धरायला हवा.

मग पाते. भोकाच्या खालच्या टोकापासून धारेपर्यंत किती लांबी उरली आहे हे पाहावे. जुन्या जाड पात्यांत कापणारे पोलाद हा नरम लोखंडावर जोडलेला पातळ थर असतो आणि तो भोकाच्या आसपास संपतो, म्हणजे तिथपर्यंत झिजलेले पाते संपलेले पाते. धारेजवळ निळी-जांभळी झाक असेल तर कोणीतरी सहाणयंत्रावर दाबून धरून पात्याचे पाणी उतरवले आहे. पात्याच्या सपाट बाजूला धारेलगत गंजाचे खड्डे असले तर धार कधीच सलग येत नाही. वरवरचा तांबूस गंज मात्र निरुपद्रवी.

तळासाठी एक फुटी पोलादी पट्टी खिशात असावी. ती तळावर उभी धरून उजेडाकडे पाहायचे. पुढचे टोक, तोंडाची पुढची कड आणि मागचे टोक हे तिन्ही टेकले की रंधा कामाचा, मधे थोडा प्रकाश दिसला तरी चालते. तोंडाच्या पुढेच पोकळ असेल तर सालपट फाटत जाते. तळ काचेवर सँडपेपर लावून घासून सपाट करता येतो, पण सात नंबरचा २२ इंची तळ हाताने घासायला बसलेला माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही.

लाकडी रंध्यात गालांतल्या चिरा, किड्यांची टाचणीएवढी भोके आणि तोंडाची रुंदी पाहायची. तळ झिजत गेला की तोंड मोठे होते. तिथे नवे लाकूड बसवलेले असेल तर तो दोष समजू नये, कोणीतरी रंधा मनापासून सांभाळला याची ती खूण आहे. लखनौत मे महिन्यातली लू आणि श्रावणातली दमट हवा यांत लाकूड वर्षभर हलते. इंग्रजी बीचचे रंधे या हवेत चिरतात, त्या मानाने शिसमी रंधे टिकतात.

जुने पोलाद की नवे

आता खऱ्या वादाकडे. जुन्या हत्याराच्या बाजूने नेहमीचे म्हणणे असे की दुसऱ्या महायुद्धाआधीचे बीड नीट मुरवलेले, मुठी शिसवी, यंत्रकाम काळजीपूर्वक. युद्धानंतर हळूहळू काटकसर शिरली. इंग्लंडचे पॉल सेलर्स यांच्यासारखे शिक्षक तर साध्या बेली चार नंबरवर आणि त्याच्या मूळच्या पातळ पात्यावरच घरातले बहुतेक काम होते, असे सातत्याने दाखवत आले आहेत.

विरुद्ध बाजू म्हणते की जुन्याचे कौतुक करणारे दुरुस्तीचे तास हिशेबात धरत नाहीत. अमेरिकेत १९८१ मध्ये सुरू झालेली ली-नील्सन आणि कॅनडाची व्हेरिटास या कंपन्यांचे रंधे पेटीतून काढले, धार लावली की चालू. त्यांची पाती जाड, त्यामुळे कडक लाकडात थरथरत नाहीत. हा युक्तिवाद आपल्याला लागू होतो, कारण शिसम आणि जुना साग हे पाइनसारखे सौम्य नाहीत. पण जुन्या रंध्यात नवे जाड पाते घालायचे म्हटले तर पाते पुढे-मागे ढकलणारा काटा खाचेपर्यंत पोहोचत नाही किंवा तोंड अपुरे पडते. मग कानशीने तोंड रुंद करतात, आणि ते पुन्हा अरुंद होत नाही.

या चर्चेला २०१२ च्या सुमारास एक अनपेक्षित वळण मिळाले. जपानमधल्या यामागाता विद्यापीठाचे कावाई आणि कातो यांनी केलेले प्रयोगाचे चित्रण जगभर पाहिले गेले. पात्यावर बसणारी दुसरी पट्टी, म्हणजे कॅप आयर्न, धारेपासून सुमारे ०.१ मिलिमीटरवर आणली की उलट्या रेषेतही लाकूड उचकटत नाही, हे त्यात सूक्ष्म पातळीवर दिसते. जुन्या कारागिरांना हे हाताने ठाऊक होतेच. नव्या हौशींना त्यामुळे कळले की अवघड लाकडासाठी महागडा चढ्या कोनाचा रंधा घ्यायलाच हवा असे नाही. खरेदीच्या दृष्टीने निष्कर्ष असा की कॅप आयर्न गहाळ किंवा भलतीच असलेला रंधा अपुरा समजावा. विक्रेते पात्याबद्दल भरभरून बोलतात, या पट्टीबद्दल कोणी काही बोलत नाही.

देशी नव्या रंध्यांबद्दलची मते टोकाची आहेत. स्वस्त, सुटे भाग मिळणारे, म्हणून शिकाऊ माणसाला तेच बरे, असे एक मत. ते बसवून, घासून घेण्यात जितका वेळ जातो तितक्यात जुना रंधा चालू होतो, असे दुसरे. दोन्हींत तथ्य आहे. निवड सुताराच्या पैशापेक्षा त्याच्या सवडीवर ठरते.

साफ करावा की राहू द्यावा

घरी आणलेल्या रंध्याचे काय करायचे, यावर संग्राहक आणि वापरकर्ते यांचे पटणे कठीण. संग्राहक सांगतो: रॉकेलने पुसा, शिलाई मशिनचे तेल लावा, हात आवरा. मूळचा काळा रोगण आणि पितळेवरचा काळपटपणा गेला की किंमत गेली. वापरणारा म्हणतो: गंज खातच राहणार, तो काढलाच पाहिजे. व्हिनेगर, सायट्रिक ॲसिड, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात विजेचा सौम्य प्रवाह सोडणे, असे उपाय रूढ आहेत. त्यातला विजेचा उपाय गंज उतरवतो आणि निरोगी धातू खात नाही, पण तो लाकडी मुठी काढून आणि मोकळ्या हवेतच करावा. तारेच्या चक्राने पॉलिश केलेला चकचकीत रंधा दुकानात लक्ष वेधतो. अशा चकाकीखाली झिजलेली अक्षरे आणि गोल झालेल्या कडा असतात, म्हणून जाणता माणूस तो सोडून शेजारचा गंजका उचलतो.

भाव आणि कायदा

नक्खासात रंध्याची तळाची किंमत ठरते ती वजनावर. चार नंबर सुमारे पावणेदोन किलो, सात नंबर साडेतीन किलोच्या वर. भंगाराचा त्या दिवशीचा दर ठाऊक असला की विक्रेत्याला तो कितीला पडला असेल याचा अंदाज येतो. त्यावरची रक्कम ही त्याच्या नजरेची आणि तुमच्या चेहऱ्याची. हल्ली विक्रेतेही मोबाइलवर परदेशी भाव पाहतात आणि दुर्मीळ रंध्यांचे आकडे साध्यांना लावतात. स्टॅन्लीचा साडेपाच इंची एक नंबर परदेशात हजार डॉलरच्या आसपास जातो, हे खरे. चार नंबर कारखान्यातून अफाट संख्येने निघाला, त्याला तो न्याय लागू नाही. परदेशातून मागवायचा तर वाहतूक आणि सीमाशुल्क धरून इथलाच महाग रंधा स्वस्त वाटू लागतो.

कायद्याच्या दोन बाबी फारशा चर्चिल्या जात नाहीत. रेल्वेची आद्याक्षरे ठोकलेले हत्यार संग्राहकाला प्रिय, कारण त्याला पत्ता असतो. रेल्वे आपले भंगार लिलावात रीतसर विकते, म्हणजे असे हत्यार बाजारात येणे मुळात बेकायदा नाही. पण १९६६ च्या रेल्वे मालमत्ता कायद्यानुसार चोरीचा संशय येण्याजोगा रेल्वेचा माल कोणाकडे सापडला तर तो रीतसर मिळाला हे त्यानेच सिद्ध करायचे असते. पदपथावरच्या खरेदीची पावती कोण देतो? शंभर वर्षांपूर्वीच्या झिजलेल्या ठशापायी कोणी अडचणीत येईल असे नाही. अलीकडच्या खुणा असलेले हत्यार मात्र टाळलेले बरे.

दुसरी बाब १९७२ च्या पुरावस्तू कायद्याची. शंभर वर्षांहून जुनी, गतकाळातील कला किंवा कारागिरी दाखवणारी वस्तू त्याच्या व्याख्येत येते, आणि खासगी व्यक्तीला पुरावस्तू परदेशी नेता येत नाही. कारखान्यात हजारोंनी ओतलेला १९१० चा रंधा या व्याख्येत बसतो का? शब्दशः वाचले तर बसू शकतो. कायद्याचा रोख पाहिला तर तो मूर्ती आणि हस्तलिखितांकडे आहे. अमेरिकेतल्या मुलाला आजोबांचा रंधा पाठवू इच्छिणाऱ्या कुटुंबाने आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करावी, एवढेच सुरक्षित उत्तर.

जे सुटलेले नाही

ओळखीचे सगळे शास्त्र अमेरिका आणि इंग्लंडच्या मालावर उभे आहे. स्मिथ किंवा गुडमन यांच्या तोडीची नोंद भारतीय रंध्यांना अजून लाभलेली नाही. १९५७ नंतरच्या देशी छापांचा क्रम कसा लावायचा, शिसमी रंध्यांत अवध, पंजाब आणि महाराष्ट्र असे भेद पाडता येतात का, कारखान्यांतली हत्यारे कोणाकोणाच्या हातून गल्लीत पोहोचली, हे प्रश्न उघडे आहेत. परदेशी संग्राहक ज्याला सरमिसळ म्हणून बाजूला टाकतो तो रंधा या प्रश्नांसाठी सर्वांत बोलका पुरावा आहे, आणि तोच सर्वांत आधी वितळवला जातो.

म्हणून वाचकांना एक विनंती. घरात, गावाकडच्या माळ्यावर किंवा ओळखीच्या सुताराच्या पेटीत जुना रंधा असेल तर साफ करण्याआधी किंवा विकण्याआधी तो उघडून प्रत्येक भागाचे स्वच्छ उजेडात छायाचित्र घ्या. पात्यावरची, अंगावरची आणि मुठीखालची अक्षरे उतरवून ठेवा, अर्धवट असली तरी. तो कोणी, कोणत्या कारखान्यात, कशासाठी वापरला हे सांगणारे माणूस हयात असेल तर त्याच्या तोंडून ऐकून चार ओळी लिहून घ्या आणि तो कागद रंध्याबरोबरच ठेवा.